आत्याचा डावा पाय

ऐका, मला सलग सांगू द्या. मध्ये कुणी बोललं की मी शेवट आधी सांगून टाकते, मागच्या वेळी तसंच झालं होतं.

तर माझी आत्या. बाबांची मोठी बहीण, वय चोपन्न. ट्रॅकवर लोकांना स्पोर्ट्स गाडी पळवायला शिकवते. हौशी लोक येतात, हेल्मेट घालतात, आरशात स्वतःला बघून घेतात, आणि पहिल्या वळणाला आत्या शेजारून "ब्रेक" म्हणाली की सगळी हौस घशात येते. वळण चुकलं की ती फक्त एक शब्द बोलते, "परत." रागावत नाही, काही नाही. नुसतं "परत." मोठमोठे डॉक्टर, बिल्डर, सगळे मुकाट्याने परत जातात.

मी त्याच ट्रॅकवर वेळ नोंदवते. काचेच्या खोलीत बसायचं, कुठली गाडी किती सेकंदांत फेरी मारून आली ते बघायचं, लिहायचं. राहतेही आत्याकडेच, कारण तिच्या घरापासून ट्रॅक दहा मिनिटांवर. घरात आत्या, आतोबा आणि मी. आतोबा शिंपी आहेत. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, आणि ते इतकं कमी बोलतात की एकदा एक गिऱ्हाईक त्यांना मुके समजून अर्धा तास खुणा करत होतं. आतोबांनीही खुणांनीच माप घेतलं.

आता मुद्दा. आत्याने सव्वीस वर्षं मॅन्युअल गाडीवर शिकवलंय, आधी स्वतः फेऱ्या मारून दाखवायच्या, मग शेजारी बसायचं. म्हणजे गिअर बदलायचा तर डावा पाय क्लचवर खाडकन खाली, हाताने दांडा पुढे किंवा मागे, पाय वर. एका फेरीत बावीस वेळा. आमच्याकडे टायर बदलणारे एक दादा आहेत, जीभ जरा तिखट, सगळे त्यांना टायरदादाच म्हणतात. त्यांनी एकदा हिशोब मांडायला घेतला होता की बाईंनी आयुष्यात क्लच किती वेळा दाबला असेल. कागद संपला म्हणून सोडून दिला.

आणि मी? मला क्लच येत नाही. हसू नका. आईची गाडी ऑटोमॅटिक, मी तिच्यावरच शिकले. गिअर गाडी स्वतः बदलते, आपण फक्त पळायचं आणि थांबायचं. आत्या मला म्हणते, "तू गाडी चालवत नाहीस गं. गाडी तुला फिरायला नेते."

चार महिन्यांपूर्वी आमच्याकडे नवे साहेब आले. बारीक, चष्मेवाले, सगळ्यांना अहो-जाहो करणारे, काखेत कायम एक फाईल. माणूस वाईट नाही हां. फक्त एक गंमत मला सुरुवातीपासून दिसत होती, की शेडच्या दारात जुनी मॅन्युअल गाडी आडवी उभी असली की साहेब ती बाजूला घेत नाहीत. किल्ली आतच असते तरी. अख्ख्या शेडला वळसा घालून मागच्या दाराने येतात. मला वाटायचं, चालायची आवड असेल.

तर साहेबांनी ठरवलं, जुन्या दोन मॅन्युअल गाड्या विकायच्या, तीन नव्या ऑटोमॅटिक आणायच्या. कारण काय, तर हल्ली येणाऱ्यांतल्या निम्म्यांना क्लच येतच नाही, त्यांचा अर्धा दिवस गाडी बंद पाडण्यात जातो. आणि शिवाय नवी गाडी गिअर इतक्या झटकन बदलते, की माणसाचा पाय क्लचपर्यंत पोचेपर्यंत ती बदलून पुढच्या कामाला लागलेली असते. खरं सांगू का, पटण्यासारखंच होतं. मी तसं बोललेसुद्धा. आत्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी घर विकायला काढलंय.

"गिअर कधी बदलायचा हे गाडी ठरवणार," ती म्हणाली. "मग मी काय करू? खिडकीतून लोकांना टाटा करू?"

पहिली नवी गाडी शुक्रवारी आली. पिवळी. साहेब म्हणाले, "बाई, तुम्हीच उद्घाटन करा, मी शेजारी बसतो." फाईल मांडीवर घेऊन बसले बिचारे. मी माझ्या खोलीतून बघतेय. गाडी सुटली, पहिली दोन वळणं झकास, मग आला सरळ पट्टा. वेग चढला, इंजिनाचा आवाज वर गेला, अजून वर गेला, आणि सव्वीस वर्षांची सवय असलेल्या आत्याच्या डोक्यात कुठेतरी घंटा वाजली, की आता गिअर. आणि तिचा डावा पाय गेला खाडकन खाली.

आता असं आहे, ऑटोमॅटिकमध्ये क्लच नसतो. पेडलं दोनच. आणि ब्रेकचं पेडल चांगलं रुंद, डावीकडे पसरलेलं. म्हणजे आत्याचा पाय जिथे क्लच शोधायला जातो, तिथे नेमका ब्रेक.

दीडशेच्या वेगात तिने ब्रेक जमिनीपर्यंत दाबला.

मी एवढंच पाहिलं की पिवळी गाडी नाकावर उभी राहिल्यासारखी झाली, चारही टायरांतून धूर, आणि पट्ट्याच्या मधोमध गाडी शांत. आतून फाईलमधले कागद उडालेले दिसत होते. साहेबांचा चष्मा समोरच्या काचेवर आपटून डॅशबोर्डवर जाऊन बसला होता, कुठे जाऊ नये तिथे अगदी ऐटीत. टायरदादा माझ्या खोलीच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "चष्मा वाचला. अब्रूचं बघावं लागेल."

मला वाटलं पहिल्यांदा होतं असं. पण दुसऱ्या फेरीत परत. तिसऱ्या फेरीत पाय आवरला तर हात सुटला, स्टिअरिंग सोडून दांडा शोधायला. जुन्या गाडीत जिची फेरी एक मिनिट एक्केचाळीस सेकंदांची, ती नव्या, जास्त ताकदीच्या गाडीत एक पन्नास. मी आकडा दोनदा तपासला. 

साहेबांनी मान चोळत, पण अगदी सभ्यपणे सांगितलं. "बाई, पुढच्या शनिवारी नवी तुकडी येतेय. जो शिकवणार त्याची फेरी या गाडीत एक बेचाळीसच्या आत हवी. आणि मध्येच असं उभं राहणं नको. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका, हेल्मेटच्या खोलीत कुणीतरी जाणतं माणूस लागणारच आहे मला."

हेल्मेटची खोली. तिथे बसून लोकांच्या डोक्याची मापं घ्यायची.   घराशी आल्यावर आत्याने गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "मी लोकांना 'परत' नाही म्हणाले तर दिवसभर म्हणू काय गं? 'मीडियम की लार्ज?'"

 आत्याला असं मी कधी बघितलंच नव्हतं.

सोमवारी टायरदादांनी उपाय काढला. "बाई, पाय ऐकत नाही ना, तर बांधून टाका. बुटाची नाडी सीटच्या खालच्या लोखंडाला." मला वाटलं चेष्टा करतायत. पण आत्या म्हणजे आत्या. तिने खरंच बांधली, डबल गाठ मारून. आणि ऐका, चाललं. पाय जागेवरून हलेना, उजव्या पायाने ब्रेक, उजव्या पायाने वेग, फेरी एक पंचेचाळीस. मी खोलीतून पळत खाली आले. पुढच्या तुकडीची चौकशी करायला आलेले सहा-सात जण कुंपणाशी उभे होते, ते टाळ्या वाजवायला लागले. आत्याने गाडी थांबवली, हेल्मेट काढलं, केस झटकले, दार उघडलं आणि अगदी राणीसारखी उतरायला गेली.

नाडी.

दोन हातांवर पडली. एक पाय गाडीत, बाकीची आत्या बाहेर. आणि तशीच, हातांवर उभी, ती टायरदादांना म्हणाली, "कात्री आणा. आणि आपलं तोंड दाखवू नका."

साहेब धावत आले, त्यांनी उठवलं, लागलं तर नाही ना विचारलं, आणि मग सांगितलं की बांधणं बंद. ट्रॅकचा नियमच आहे, काही झालं तर चालवणाऱ्याला दहा सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. बरोबरच होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

त्या संध्याकाळी जेवताना मी घाबरत घाबरत म्हटलं, "आत्या, तुझ्या पायाला बांधून नको ठेवूस. त्याला काम दे."

"म्हणजे?"

"रिकामा आहे ना तो, म्हणून नसते उद्योग करतो. रेसिंगवाले ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाने ब्रेक मारतात. मीही मारते कधीकधी. ब्रेक डाव्या पायाचा, वेग उजव्याचा. मग त्याला क्लच शोधायला वेळच नाही मिळणार."

आत्याने घास खाली ठेवला. "तू मला शिकवणार?"

"मी नुसतं म्हटलं."

"नाही, बरोबर म्हणतेयस." हे तिच्या तोंडून ऐकायला मी बावीस वर्षं थांबले होते, आणि तेव्हा नेमकं माझ्या तोंडात पाणी होतं. "पण माझा पाय हळू दाबतच नाही गं. त्याला दोनच गोष्टी येतात. पूर्ण खाली, पूर्ण वर. क्लचला तेवढंच लागतं. ब्रेकला असं पिसासारखं दाबायचं म्हणजे... जित्याची खोड आहे ती."

आणि तेव्हा, ऐका हां, आतोबा बोलले. ताटाकडे बघत बोलले, पण बोलले.

"माझ्याकडे शिवण शिकायला येतात ना, पहिल्या दिवशी सगळ्या असंच करतात."

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"उद्या सकाळी मशीनवर बस," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

आतोबांचं मशीन विजेच्या मोटरवर चालतं. खाली जमिनीवर एक छोटं पेडल, जेवढं दाबाल तेवढं पळतं. हलकं दाबलं तर एकेक टाका, जोरात दाबलं तर सुसाट. मंगळवारी सकाळी सहाला आतोबांनी आत्याला स्टुलावर बसवलं, पेडल डावीकडे सरकवलं, उशीच्या अभ्ऱ्याचं कापड दिलं, खडूने एक सरळ रेघ मारली. "डाव्या पायाने. रेघेवरून."

आत्याने दाबलं. मशीन असं ओरडलं की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. कापड गेलं रेघ सोडून, सुई गेली कापड सोडून, आणि आत्याची बाही शिवली गेली अभ्ऱ्याला. चांगली पक्की.

आतोबांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "उसव."

"अहो, पहिलीच वेळ आहे माझी."

"उसव."

मी दारात उभी होते, तोंडात ओढणी कोंबून. कारण बघा ना, जी बाई आयुष्यभर लोकांना "परत" म्हणत आली, तिला घरातला सगळ्यात गप्प माणूस "उसव" म्हणत होता, त्याच आवाजात. आणि ती उसवत होती, चष्मा नाकावर घेऊन, एकेक टाका.

मंगळवार, बुधवार, सकाळ-संध्याकाळ. उशीचे अभ्रे, मग अजून उशीचे अभ्रे. आमच्या घरात उशा पाच आहेत, अभ्रे झाले अकरा. तीन सुया मोडल्या. का मोडल्या, तर आत्या कापड ओढायची. मशीन नेतंय तेवढ्यावर तिचा भरवसाच नाही. आतोबा तिसरी सुई बसवताना म्हणाले, "ओढू नकोस. खाली दाते आहेत ना, ते नेतात कापड पुढे. तू फक्त दिशा दे. तू ओढतेस, ते ओढतात, मग सुई बिचारी मरते."

"मला हातावर हात ठेवून बसायला जमत नाही."

"हात ठेव. कापडावर ठेव. ओढू नकोस एवढंच."

गुरुवारी दुपारी अर्ध्या तासासाठी पिवळी गाडी मिळाली. डावा पाय ब्रेकवर, आणि तो पाय आता पाय राहिला नव्हता हो, मांजर झाला होता. एकदाही गाडी नाकावर गेली नाही. तरी फेरी एक चव्वेचाळीस. मी आकडे काढून बसले, कुठे वेळ जातोय बघायला. जात होता लांबड्या वळणावर, आणि शेवटच्या काटकोनात. लांबड्या वळणात आत्या स्टिअरिंगमागच्या पट्ट्या ओढत होती. म्हणजे या गाड्यांना असतात त्या, वाटलं तर बोटाने गिअर बदलायला. गाडी स्वतः बदलणार तेवढ्यात ही बदलायची, मग ती परत बदलायची, दोघींची ओढाओढ.

घरी येऊन मी आतोबांनाच सांगितलं. त्यांना गाडीतलं काही कळत नाही, पण त्यांनी मान हलवली आणि त्या संध्याकाळी आत्याला अभ्रा दिलाच नाही. शर्टाची कॉलर दिली. "टोकाशी काय करायचं ते बघ," म्हणाले. "टोकाच्या आधी हळू. टोकावर नाही. टोकावर हळू केलंस तर गोळा होतो."

आत्या सुई तशीच कापडात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. "अहो, हे मी लोकांना रोज सांगते. वळणाच्या आधी हळू, वळणात नाही."

"मग कर की," आतोबा म्हणाले.

त्यांचं लग्न म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

शनिवार. नवी तुकडी बारा जणांची, कुंपणाशी रांगेत उभी. साहेब फाईल घेऊन. मी विचारलं, शेजारी कोण बसणार, कारण शिकणाऱ्याइतकं वजन लागतंच. साहेबांनी नकळत चष्म्याला हात लावला आणि म्हणाले, "तुम्ही बसा ना. मी इथून बघतो." माझ्या खोलीत दुसऱ्या मुलीला बसवलं आणि मी बसले आत्याच्या शेजारी. फेऱ्या तीन. तीनपैकी एक तरी बेचाळीसच्या आत.

पहिली फेरी सावधपणे. एक चव्वेचाळीस. समोरच्या पडद्यावर आकडा दिसतो, मी तो आत्याला दिसू नये म्हणून हात धरला, तर म्हणाली, "हात काढ, काही होत नाही."

दुसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर आवाज वर गेला, आणि मी बघितलं, तिचा डावा पाय थरथरला. सव्वीस वर्षं आहेत ना आत. पण तो तिथेच राहिला, ब्रेकवर, नुसता टेकलेला. वळणाआधी तिने दाबला आणि मला कळलंसुद्धा नाही केव्हा दाबला. लांबड्या वळणात मात्र बोट सुटलं आणि पट्टी ओढली गेली. गाडी अडखळली. एक बेचाळीस आणि वर तीन दशांश.

"उसव," आत्या स्वतःलाच म्हणाली, हेल्मेटच्या आतून.

तिसरी. माझे दोन्ही हात सीटला चिकटलेले. सरळ पट्ट्यावरून आलो, लांबडं वळण समोर, आणि आत्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव. नीट ऐकलं तर, "दाते नेतात, दाते नेतात, दाते नेतात." तिची बोटं स्टिअरिंगवर होती, पट्ट्यांपासून लांब. आणि गाडीने वळणाच्या मध्यावर स्वतःचं स्वतः गिअर बदलला, हिने काही म्हणजे काहीच केलं नाही, आणि आम्ही त्या वळणातून असे निघालो, जसं रेघेवरून शिवत नेलंय. मग शेवटचा काटकोन. आधी हळू, टोकावर नाही. आम्ही त्याला कॉलरच म्हणतो आता.

एक एक्केचाळीस, सहा दशांश.

मी एवढ्या जोरात ओरडले की आत्या म्हणाली, "कान आहे तो माझा."

साहेबांनी फाईल उघडून यादीत तिच्या नावापुढे टिक केली आणि हात मिळवला. मनापासून मिळवला. टायरदादांनी कात्री आणून तिच्या हातात दिली, गुच्छ दिल्यासारखी. बारा जणांनी टाळ्या वाजवल्या. आत्या गाडीतून उतरली, दोन्ही पायांवर, आणि म्हणाली, "चला, आधी जुनीला सावलीत लावते, उन्हात उभी आहे बिचारी. मग सुरू करू."

आता खरी मजा.

जुनी मॅन्युअल. तिची स्वतःची म्हणावी अशी, सव्वीस वर्षांत जी तिच्या हातून एकदाही बंद पडली नाही. सगळे बघतायत. आत्या ऐटीत बसली, इंजिन सुरू केलं, आणि डावा पाय क्लचवर गेला. गेला कसा, तर पिसासारखा. हळूच. प्रेमाने. अर्ध्यावर थांबला. आणि हिने गिअर टाकला.

कर्रर्र असा आवाज आला, गाडीने एक बेडकासारखी उडी मारली आणि बंद.

 बारा जणांतला एक जण हळूच म्हणाला, "ह्या शिकवणार आपल्याला?"

टायरदादांना शिवणाचं मीच सांगितलं होतं, ते म्हणाले, "बाई, हिला आता काय, फॉल-बिडिंग करायचंय का?"

आणि आत्या हसायला लागली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिचं बघून मी, मग टायरदादा, मग ती बाराच्या बारा माणसं. फक्त साहेब हसत नव्हते. ते गाडीच्या खिडकीशी येऊन उभे राहिले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, जसं कुणीतरी त्यांना चांगली बातमी सांगितलीय.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "तुमची पण बंद पडते?"

"आज पडली."

"नाही, म्हणजे... मला वाटायचं एकदा आलं की मग पडत नाही कुणाची." त्यांनी मागे वळून बघितलं, मी ऐकतेय का ते. मी दुसरीकडे बघितलं, कान तिथेच ठेवून. "मी अठरा वर्षांचा असताना सिग्नलला बंद पाडली होती. काका शेजारी. मागे अख्खा रस्ता हॉर्न वाजवत होता. पाच वेळा सुरू केली, पाच वेळा बंद. मग काकांनीच चालवत घरी आणली, आणि घरी सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर मी क्लचला पाय नाही लावला."

म्हणून तो शेडला वळसा. मला एकदम सगळं दिसलं, पावसापाण्यात फाईल डोक्यावर धरून मागच्या दाराने येणारे साहेब.

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. मग ती उतरली, फिरून दुसऱ्या बाजूला गेली आणि शेजारच्या सीटवर बसून पट्टा लावला.

"बसा," ती म्हणाली.

"आत्ता? इतक्या लोकांसमोर?"

"मग काय, मुहूर्त काढू? ही बारा जणं आत्ताच मला हसून दमलीयेत. तुम्हाला हसायला ताकद नाही उरलेली."

साहेबांनी फाईल माझ्याकडे दिली. खरंच दिली, चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांची काख मी रिकामी बघितली. बसले. आत्याने सांगितलं, "डावा पाय पूर्ण खाली. माझ्यासारखं अर्ध्यावर नको. पहिला गिअर. आता पाय हळूहळू वर." उडी, आणि बंद. परत. उडी, बंद. मान पुढे, मान मागे. टायरदादांनी मोजायला सुरुवात केली, पण चौथ्याला आत्याने नुसतं बघितलं तर ते टायरांकडे निघून गेले.

सातव्या वेळी साहेब म्हणाले, "मला वाटतं गाडीतच काहीतरी आहे."

"नाचता येईना," आत्या म्हणाली.

नवव्या वेळी गाडी थरथरली, थोडी गुरगुरली, आणि चालायला लागली. माणूस चालतो त्या वेगाने. साहेब स्टिअरिंग असं धरून बसले होते, जसं ते सोडलं तर पडतील. शेडच्या दारापर्यंत गेले, दारातून आत गेले, सरळ, पुढच्या दाराने. 

सोमवारी विक्रीची यादी आली तर तिच्यात जुनी गाडी एकच. मी म्हटलं, साहेब, इथे दोन होत्या. त्यांनी फाईलमध्ये बघून अगदी कामाच्या आवाजात सांगितलं, "एक राहू दे. कधी लागली तर." आता रोज संध्याकाळी ट्रॅक बंद झाला की पाच वाजता त्यांना ती लागते.

मी मागच्या सीटवर बसते, पाठीला एक आणि पोटाशी एक उशी घेऊन, धक्के फार बसतात म्हणून. अभ्रे आहेतच भरपूर. साहेबांनंतर माझा नंबर असतो, आणि माझी किती वेळा बंद पडली ते मी आज सांगणार नाही, कितीही विचारा. पण काल साहेबांनी चक्क दुसरा गिअर टाकला, तोही चढावर. मग तिसरा टाकायला गेले आणि कर्रर्र.

त्यांनी डोळे मिटून घेतले, बोलणी ऐकायच्या तयारीने.

आत्या समोर बघत, अजिबात न रागावता म्हणाली, "उसवा, साहेब."